डायबेटिसमधलं पायाचं इन्फेक्शन: आधी काय करायचं, मग काय, आणि आपण नेमके कुठे चुकतो

"दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही." डायबेटिसवाल्या माणसाचा पाय चिघळला की घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. आमच्याकडेही ऐकलंय. बाबा एकदा संध्याकाळी बाहेरून आले, बूट काढला आणि त्यातून शर्टाचं एक बटण टपकन खाली पडलं. सकाळपासून ते बटण पायाखाली होतं, दिवसभर त्यावर चालले आणि त्यांना पत्ता नाही. तळव्यावर बटणाचा हुबेहूब ठसा उमटलेला, चार भोकांसकट, आणि कडेला एक छोटा पाणी भरलेला फोड. आम्ही काय केलं, मलम लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबा तेच बूट घालून परत बाहेर. पुढे अडीच महिने ड्रेसिंग चाललं. मलमात काही वाईट नव्हतं हो, पण त्या पायावर चालणं थांबवायला हवं होतं, ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून हे क्रमाने लिहितोय. कारण माहिती बहुतेकांना असते, क्रम चुकतो.

एवढं आधी समजून घ्या. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, म्हणजे दुखण्याची घंटाच बंद पडते. घामाच्या नसाही जातात, त्यामुळे कातडी कोरडी पडून भेगा पडतात. आणि काहींच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, मग जखमेपर्यंत पुरेसं रक्तच पोचत नाही. पाय दुखत नाही याचा अर्थ पाय ठीक आहे असा काढायचा नाही. दुखण्याचं काम आता डोळ्यांनी आणि हातांनी करायचंय.

## १. तयारी: जखम नसतानाच करून ठेवायची कामं

एक डबा करा आणि त्यावर मोठ्या अक्षरात "पाय" असं लिहा. त्यात काय हवं: निर्जंतुक गॉझची पाकिटं, न चिकटणारं ड्रेसिंग, कागदी टेप, सलाईनच्या छोट्या बाटल्या, लांब दांड्याचा आरसा, छोटा टॉर्च, साधी मोजपट्टी, बॉलपेन, थर्मामीटर. कापूस ठेवू नका, त्याचे तंतू जखमेला चिकटून बसतात. डब्यात कात्री असेल तर ती फक्त टेप कापायला, पायाला लावायची नाही.

मग पायाला किती कळतंय ते बघायचं. घरच्या घरी करता येणारी एक साधी टेस्ट आहे. माणसाला आडवं करा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीच्या टोकाने उजव्या पायाच्या अंगठ्याला अगदी हलकं, एक-दोन सेकंद, पिसासारखं टेकवा. मग उजवी करंगळी. मग डावा अंगठा, डावी करंगळी, शेवटी उजवं मधलं बोट आणि डावं मधलं बोट. स्पर्श कळला की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर व्हायला लागलाय असं धरा आणि डॉक्टरांना सांगा.

इथे होणारी चूक: कळलं नाही म्हणून परत दाबून बघणं. एका बोटाला एकच स्पर्श. दाबलं की खोलवरचं कळतं आणि टेस्ट उगाच पास होते. आमच्या बाबांनी तर एक डोळा किलकिला करून सहाला सहा मार्क मिळवले होते, तेव्हा त्यावरही लक्ष ठेवा.

ही टेस्ट डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही. ते १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे एका ठरावीक ताकदीच्या नायलॉनच्या धाग्याने तपासतात, कंपनं कळतात का बघायला ट्युनिंग फोर्क लावतात आणि पायाची नाडी बघतात. सगळं ठीक असेल तर ही तपासणी वर्षातून एकदा. बधिरपणा किंवा रक्तपुरवठा कमी, यातलं एक असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही असतील, किंवा त्यातल्या एकाबरोबर पायाचा आकार बिघडलेला असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. आणि बधिरपणा किंवा कमी रक्तपुरवठा असून पूर्वी जखम झाली असेल, बोट कापावं लागलं असेल किंवा किडनी निकामी झाली असेल, तर एक ते तीन महिन्यांनी. आपण यातल्या कुठल्या गटात बसतो हे विचारून कागदावर लिहून घ्या. जवळजवळ कुणीच विचारत नाही.

## २. रोजची तपासणी: आधी मोजा, मग बूट, मग पाय, पाणी सगळ्यात शेवटी

बहुतेक लोक आंघोळ करतात आणि मग, जमलं तर, पाय बघतात. उलटं करा. पाण्याने डाग जातो, ओल जाते, वास जातो, म्हणजे पुरावाच धुतला जातो.

संध्याकाळी, बूट काढल्यावर, या क्रमाने:

मोजा. काढल्या काढल्या उलटा करून उजेडात बघा. पिवळट, तपकिरी किंवा रक्ताचा डाग, कुठे कडक झालेला भाग, वेगळा वास. मोजे पांढरे किंवा फिकट रंगाचे घ्या असं सांगतात ते याचसाठी. काळ्या मोज्यावर काही म्हणजे काही दिसत नाही.

बूट. आत हात घालून टोकापर्यंत चाचपा. खडा, सुटलेली शिलाई, वर आलेला खिळा, गोळा झालेलं अस्तर, बटण. सकाळी घालतानाही हेच, दोन्ही वेळा. नुसता उपडा करून झटकणं पुरत नाही, खिळा झटकून पडत नाही.

पाय. टॉर्च लावून पाच ठिकाणं: तळवा (आरशात किंवा मोबाईलने फोटो काढून), टाचेची मागची कड, प्रत्येक बोटाची बेचकी, बोटांची टोकं आणि वरचे सांधे, नखांच्या कडा. बेचकी बघताना बोटं हाताने फाकवायची, वरून डोकावून काही दिसत नाही. काय शोधायचं तर फोड, चीर, पांढरी फुगलेली कातडी, लाली, घट्ट्याखाली गडद डाग, आणि काल नव्हतं असं काहीही.

हात. शेवटी हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर त्याच त्याच जागी टेकवून बघा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय का. कातडीचं तापमान मोजायचं यंत्र असेल तर उत्तमच. एकाच जागी दोन्ही पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस आला तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना फोन करा. आतली सूज कातडी फाटायच्या आधीच उष्णतेतून कळते.

डायबेटिसने नजर अधू झाली असेल किंवा वाकता येत नसेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाचं. "मी बघतो की रोज" असं म्हणणाऱ्या माणसाला स्वतःचा तळवा दिसतो का ते एकदा विचारून बघा.

थांबा आणि हे वाचा: एक पाऊल गरम आहे, सुजलंय, लाल आहे, पण जखम कुठेच नाही आणि फारसं दुखतही नाही. याला मुरगळला असेल म्हणून सोडू नका. बधिर पायात हाडं आतल्या आत मोडत, सरकत असू शकतात, त्याला शार्को फूट म्हणतात. त्याच दिवसापासून त्या पायावर भार बंद आणि लगेच डॉक्टर. चालत राहिलात तर पायाची कमान कोसळते आणि मग तळव्याच्या मधोमध जखमा होत राहतात.

## ३. धुणं, पुसणं, क्रीम

पाणी कोमट, ३७ अंशांच्या वर नको. पायाने अंदाज घ्यायचा नाही, पायाला कळत असतं तर हा लेखच लिहायला नको होता. हाताच्या बोटांनाही बधिरपणा असू शकतो, म्हणून कोपर बुडवून बघा किंवा थर्मामीटर वापरा. सौम्य साबण, पटकन धुणं, बास. पाय पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत. मीठ घालून नाही, औषध घालून नाही, "शेक" म्हणूनही नाही. भिजलेली कातडी मऊ होऊन फाटते आणि नंतर आणखी कोरडी पडते. गरम पाण्याची पिशवी, हीटर, शेकोटी यांच्यापासून पाय लांब. पाय गार पडले तर मोजे घाला.

पुसताना टॉवेल घासू नका, टिपून घ्या, आणि बेचक्या एकेक करून कोरड्या करा. मग क्रीम: टाचेला, तळव्याला, पावलाच्या वर. बोटांच्या मध्ये नाही. ही चूक इतकी कॉमन आहे की काय सांगू, लोक प्रेमाने सगळ्या पायाला चोपडतात आणि बेचकीत ओल राहून चिखल्या होतात. भेगांसाठी युरिया असलेलं क्रीम चांगलं काम करतं, पण भेगेतून रक्त येत असेल तर तिला जखम समजायचं आणि थेट सहाव्या टप्प्यावर जायचं.

## ४. नखं, घट्टे, चिखल्या

नखं सरळ आडवी कापा, कोपरे खोलवर गोल कोरू नका, नाहीतर नख कडेने मांसात घुसतं आणि नखुरडं होतं. टोचरा कोपरा कानसेने घासून घ्या. नखं जाड झाली असतील, दिसत नसेल, पाय बधिर असेल तर स्वतः कापायचंच नाही, पायाची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडून कापून घ्या.

घट्टा आणि कुरूप याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. घट्टा म्हणजे तिथे रोज जास्त दाब पडतोय याची पावती. तो वाढला की स्वतःच बुटातल्या खड्यासारखा वागतो, खालच्या मऊ भागाला चेपतो, आणि वरून कातडी शाबूत दिसत असताना आत जखम तयार होते. घट्ट्यात गडद, रक्ताळलेला ठिपका दिसला तर खाली जखम आहे असं धरूनच चाला. आणि लोक काय करतात? ब्लेड घेतात. नाहीतर कुरूप काढायची औषधी पट्टी लावतात. त्या पट्टीत कातडी जाळणारं अॅसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही, आणि बधिर पायाला जळतंय हे कळत नाही. दोन्ही बंद. घट्टा तासून घ्यायचा तो प्रशिक्षित हातांकडून, आणि तासून झाल्यावर बूट किंवा आतला सोल बदलायचा. तो बदलला नाही तर काही आठवड्यांत घट्टा परत हजर.

चिखल्या म्हणजे बोटांच्या बेचकीतलं फंगल इन्फेक्शन: पांढरी, ओलसर, सोललेली कातडी, खाज येईल किंवा येणारही नाही. नुसतं फंगल आहे म्हणून दुर्लक्ष करू नका, त्या चिरेतूनच बॅक्टेरिया आत शिरतात आणि पोटरीपर्यंत पाय लाल होतो. डॉक्टरांना विचारून अँटिफंगल क्रीम घ्या आणि सांगितलेले दिवस पूर्ण लावा, दिसायला बरं झालं म्हणून मधेच सोडलं की ते परत येतं. स्टेरॉइड मिसळलेली क्रीम मनाने लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, फंगस मात्र आत मजेत पसरत राहतं.

## ५. पायात काय घालायचं

अनवाणी नाही. घरातही नाही, रात्री बाथरूमला जातानाही नाही. नुसते मोजे घालून फिरणं हेही अनवाणीच. अंगठ्याची पट्टी असलेली पातळ सपाट चप्पलही टाळा, पट्टी बेचकीत घासते, बोटं उघडी राहतात आणि बधिर पायातून ती निसटून गेली तरी कळत नाही.

बूट घेताना क्रम असा: संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पाय कागदावर ठेवून, उभं राहून, पेन्सिलने बाह्यरेषा काढा. तो कागद कापून बुटात घाला, कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे. आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटीमीटर जास्त हवी, बोटांना वरूनही जागा हवी, रुंदी पावलाच्या सगळ्यात रुंद भागाइतकी. "घालून सैल होईल" असं विकणारा म्हणाला की तिथून उठा. आणि बरं वाटतंय का यावर ठरवू नका. बधिर पायाला घट्ट बूटच "छान बसला" असं वाटतं, कारण तेवढा दाब दिला तरच त्याला काहीतरी कळतं.

नवीन बूट पहिले काही दिवस तास-दोन तासच घाला, काढा, पाय बघा. लाल डाग पडला आणि थोड्या वेळात गेला नाही तर तो बूट तुमचा नाही. मोजे रोज बदला. आत शिलाईची गाठ असेल तर मोजा उलटा घाला, आणि गुडघ्याखाली करकचून बसणारे मोजे नकोत.

## ६. जखम दिसली: पहिला अर्धा तास

आता मुख्य भाग. कितीही छोटी असो, क्रम हाच.

१. बसा. औषध शोधायला त्याच पायावर घरभर फिरू नका, डबा दुसऱ्याला आणायला सांगा. तुम्ही टाकलेल्या प्रत्येक पावलाला त्या जखमेवर तुमच्या वजनाचा दाब येतो.

२. हात साबणाने धुवा. जखमेवर सलाईन किंवा पिण्याजोगं स्वच्छ पाणी ओता. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, पावडर, पेस्ट, घरगुती लेप, काही नाही. झोंबणारं औषध जंतू मारतं तसं नवीन येणाऱ्या पेशीही मारतं, आणि पावडर-लेपामुळे डॉक्टरांना खाली काय आहे तेच दिसत नाही.

३. फोड फोडू नका. काच किंवा खिळा खोल रुतलेला असेल तर उपसू नका, आहे तसा झाकून दवाखान्यात जा. काही टोचलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा.

४. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. आजूबाजूला लाली असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. ही रेघ पुढच्या टप्प्यात फार कामाला येते.

५. टिपून कोरडं करा, न चिकटणारं ड्रेसिंग, वर गॉझ, कागदी टेप. टेप बोटाभोवती गोल गुंडाळू नका, सूज आली की तीच टेप बोटाला आवळते.

६. शुगर तपासा, ताप बघा, दोन्ही लिहून ठेवा.

७. डॉक्टरांना फोन. जास्तीत जास्त २४ तासांच्या आत पाय दाखवायचाच. "दोन दिवस बघू" हे डायबेटिस नसलेल्या माणसासाठी ठीक आहे.

तपासा: जखमेवर ड्रेसिंग केलं, पण जिच्यामुळे जखम झाली ती गोष्ट अजून बुटात तर नाही ना? आमच्याकडे बटण निघालं होतं, पण ज्या बुटात पाय कोंबला होता तो बूटच अरुंद होता हे तीन आठवड्यांनी लक्षात आलं.

## ७. इन्फेक्शन झालंय का, आणि किती घाई करायची

प्रत्येक जखमेत जंतू सापडतात, म्हणजे प्रत्येक जखमेत इन्फेक्शन आहे असं नाही. डॉक्टर बघून आणि हात लावून ठरवतात. पाच खुणा आहेत: सूज किंवा कडकपणा, जखमेच्या भोवती अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त लाली, दुखणं किंवा दाबल्यावर दुखणं, गरमपणा, पू. यातल्या दोन असल्या आणि त्याला दुसरं कारण नसलं, की इन्फेक्शन धरतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, ती जांभळट, गडद किंवा नुसती चकचकीत दिसते, म्हणून दुसऱ्या पायाशी तुलना करा आणि हाताने उष्णता बघा.

लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटीमीटरच्या आत आणि सगळं वरवरचं असेल तर सौम्य. २ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त, किंवा खोल गेलेलं असेल तर मध्यम. आणि आता खालचं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी हॉस्पिटल:

- ताप ३८ अंशांच्या वर किंवा अंग ३६ च्या खाली गार, थंडी वाजून हुडहुडी, उलट्या, बरळणं, बसल्या जागी नाडी ९० च्या वर
- पेनाच्या रेघेच्या बाहेर काही तासांत लाली सरकली, किंवा वर पोटरीकडे लाल पट्टा निघाला
- बोट किंवा कातडी काळी, निळी पडली, किंवा पाऊल अचानक गार आणि पांढरंफटक झालं
- सडका वास, दाबल्यावर कातडीखाली चुरचुर
- जखमेत हाड किंवा पांढरी, दोरीसारखी नस (टेंडन) दिसतेय
- बधिर असलेला पाय अचानक ठणकायला लागला

शेवटचं नीट वाचा. ज्याला काही कळत नाही तो पाय दुखतोय म्हणजे आत खोलवर काहीतरी शिजतंय.

जांघेत अवधाण आलं, म्हणजे गाठ सुजून दुखायला लागली, तर तेही पायाकडूनच आलंय का बघा. आणि शुगर कारण नसताना चढली, खाणं तेच, गोळ्या त्याच, तरी आकडे वर, तर मोजे काढून पाय बघा. कित्येकदा पहिली बातमी ग्लुकोमीटर देतो. ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका, पायात चांगलंच इन्फेक्शन असूनही अनेकांना ताप येत नाही.

## ८. डॉक्टरांकडे काय न्यायचं, काय विचारायचं

न्यायचं: फोटो, शुगरची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, अॅलर्जीची माहिती, आणि तो बूट. बूट नेलात की निम्मी चौकशी तिथेच संपते. दोन्ही पाय दाखवा, दुखणारा एकच नाही.

विचारायचं, अगदी कागदावर लिहून:

जखम किती खोल आहे, हाडापर्यंत गेलीय का? डॉक्टर बोथट टोकाच्या निर्जंतुक सळईने बघतात, टोक हाडाला लागलं तर हाडात इन्फेक्शन असण्याची शक्यता खूप वाढते. एक्स-रे काढतात, पण हाडातले बदल त्यात दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे पहिला एक्स-रे नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. गरज पडली तर परत काढतात किंवा एमआरआय करतात.

रक्तपुरवठा कसा आहे? हा प्रश्न राहूनच जातो. नाडी लागते का, डॉपलर (रक्ताचा प्रवाह तपासायचं यंत्र), घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर यांचं गुणोत्तर. डायबेटिसमध्ये रक्तवाहिन्या कडक झालेल्या असल्या की हे गुणोत्तर खोटंच चांगलं येतं, मग अंगठ्याचं प्रेशर मोजतात. रक्त पोचत नसेल तर जगातलं सगळ्यात महागडं ड्रेसिंगसुद्धा काही करू शकत नाही, आधी रक्तवाहिनीच्या सर्जनला दाखवायला लागतं.

कल्चर, म्हणजे जखमेत कुठले जंतू आहेत ते शोधायची तपासणी, घेणार का, कधी? योग्य क्रम म्हणजे मेलेला भाग काढायचा, जखम साफ करायची, मग आतल्या मांसाचा नमुना घ्यायचा, आणि शक्य असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. वरवर फिरवलेल्या बोळ्यावर पृष्ठभागावरचे भलतेच जंतू उगवतात. पेशंट फार आजारी असेल तर अर्थात औषध थांबवत नाहीत.

मोठी चूक: घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या खाऊन दवाखान्यात जाणं. त्याने इन्फेक्शन जात नाही, कल्चर मात्र बिघडतं.

## ९. उपचार चालू असताना

जखमेवरचं वजन काढणं पहिलं, अँटिबायोटिक त्याच्या बरोबरीने, ड्रेसिंग त्यानंतर. लोकांच्या मनात हा क्रम नेमका उलटा असतो, सगळी चर्चा कुठलं मलम यावर. तळव्यावरची जखम भरायची तर तिच्यावरचा दाब जायला हवा, त्यासाठी गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा खास बूट देतात. न काढता येणारं प्लास्टर जास्त उपयोगी पडतं, कारण काढता येणारा बूट माणूस घरात काढून ठेवतो आणि "दोनच पावलं तर आहेत" म्हणत दिवसभर चालतो. अर्थात इन्फेक्शन जोरात असेल किंवा रक्तपुरवठा फार कमी असेल तेव्हा काय वापरायचं ते डॉक्टरच ठरवतील.

अँटिबायोटिक मऊ भागाच्या इन्फेक्शनला साधारण एक ते दोन आठवडे, हाडात गेलं असेल आणि ते हाड काढलेलं नसेल तर सहा आठवड्यांच्या आसपास. हे औषध इन्फेक्शनसाठी असतं, जखम बुजेपर्यंत चालू ठेवायचं नसतं. इन्फेक्शन नसलेल्या जखमेला अँटिबायोटिक मागू नका, तसंच बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंदही करू नका.

ड्रेसिंग बदलताना दर वेळी हात धुवा, जुनं ड्रेसिंग बघा (रंग, किती भिजलंय, वास), मग जखम बघा, मग स्वच्छ करा. ओढून निघत नसेल तर सलाईनने भिजवून सोडवा. ड्रेसिंग असलेला पाय आंघोळीत भिजू देऊ नका. दर आठवड्याला पट्टी धरून, त्याच अंतरावरून फोटो. चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्म्याने कमी झाला नाही तर गप्प बसू नका, "रक्तपुरवठा, दाब, हाड, हे तिन्ही परत बघूया का" असं डॉक्टरांना सरळ विचारा.

शुगर: इन्फेक्शनमध्ये ती चढते, चढलेली शुगर इन्फेक्शनला खतपाणी घालते. डॉक्टरांनी काही दिवसांसाठी इन्सुलिन सुचवलं तर घाबरू नका. आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नका, डोस किती करायचा ते फोन करून विचारा. सिगारेट, तंबाखू बंद, यात वाटाघाटी नाहीत.

## १०. भरल्यावर

जखम बुजली म्हणजे सुट्टी झाली असं वाटतं, पण बुजलेल्या जखमांपैकी जवळपास ४० टक्के वर्षभरात परत होतात. नवीन कातडी पातळ असते, खालचं हाड तेच, चालायची पद्धत तीच. त्यामुळे पहिल्या दिवशी एकदम तास-तासभर चालू नका, दहा-पंधरा मिनिटांपासून सुरू करा आणि प्रत्येक वेळी पाय बघा. दाब वाटून घेणारा सोल आणि योग्य बूट तयार झाल्याशिवाय प्लास्टर किंवा खास बूट सोडू नका. जुनी जखम होती तिथे घट्टा धरायला लागला की लगेच दाखवा, चिरायची वाट बघू नका. तपासणी आता दर एक ते तीन महिन्यांनी.

आणि ज्याने जखम केली तो बूट घरात ठेवू नका. आमच्याकडे "चांगला आहे अजून" म्हणून तो माळ्यावर गेला होता, आणि चार महिन्यांनी बाबांनी शोधून पायात घातला. त्या दिवशी मोज्यावर पुसटसा तपकिरी डाग दिसला म्हणून वेळेत कळलं.